पावणेतीन फुटांची भिंत

३ नोव्हेंबर

आज हिने मला एक प्रश्न विचारला. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, कारण गेल्या कित्येक महिन्यांत हिने मला विचारलंय ते "गॅस बंद केलात ना?" आणि "किल्ली घेतलीत ना?" एवढंच. त्यांना मी प्रश्न धरत नाही.

सकाळी कामावर निघताना, चपला घालता घालता म्हणाली, "अहो, त्या भिंतीला लावतात ना फळ्या, खाली आधार दिसत नाही अशा, त्यांच्यावर वजन किती राहतं?"

मी हातातला चहा तसाच ठेवला. म्हटलं, भिंत भरीव विटांची असेल तर भरपूर राहतं, पोकळ असेल तर शोभेपुरतं. आपल्या भिंती भरीव आहेत, तेव्हा काळजी नको. ती म्हणाली, चार पुस्तकं आणि एखादा कप ठेवायचाय, लहान खोलीला शोभेल असं काहीतरी बघतेय. आणि गेली.

लहान खोली म्हणजे आमच्या लेकीची खोली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हापासून ही तिथे झोपते. माझं घोरणं हे कारण सांगते. मी घोरतो हे मला मान्य नाही, पण वाद घालायचं सोडलंय. घोरणं हे कारण आहे की निमित्त, याचा विचार मी दुपारी करतो. दुपारी मला दुसरं काम नसतं. छापखाना बंद झाल्यापासून घरीच आहे. मुद्रितशोधक होतो, म्हणजे छापायच्या आधी चुका काढणारा. आता चुका यंत्र काढतं, आणि यंत्राकडून राहतात त्या लोक तशाच वाचून घेतात. कुणाचं काही अडत नाही. हेच जास्त लागतं.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. ही या घरात पाहुण्यासारखी राहते. आवाज न करता, आपला कप आपण विसळून ठेवत. उन्हाळ्यात एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "मला निराळं राहायचंय." मी म्हटलं, निराळं नाही, वेगळं. कपडे निराळे, स्वभाव निराळा. राहायचं ते वेगळं. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि भाजीचं ताट घेऊन आत गेली. विषय तिथेच मिटला. पण तेव्हापासून ही भीती काही जात नाही.

आज ती भीती जरा कमी झाली. जी बाई भिंतीला फळ्या लावायचं म्हणते ती कुठे जायचा विचार करत नसणार.

४ नोव्हेंबर

दिवसभर फळ्यांचा अभ्यास. बऱ्याच दिवसांनी सकाळी दाढी करून टेबलाशी बसलो.

आधी नाव. दुकानवाले फ्लोटिंग शेल्फ म्हणतात. एका जाहिरातीत 'तरंगत्या फळ्या' असं होतं. तरंगायला पाणी लागतं. भिंतीवर, खाली आधार नसताना जी असते ती अधांतरी. संध्याकाळी ही आल्यावर सांगितलं. ती पायरीवर बसून चपलेचा बंद सोडवत होती. "अधांतरी तर अधांतरी," म्हणाली.

मग ढंग. फळी खोलीच्या ढंगाला शोभली पाहिजे, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. जड, जुन्या सामानाच्या खोलीत जाड आणि गडद फळी घ्यावी, कडेला गोलाई असली तर उत्तम. मोकळ्या, कमी सामानाच्या खोलीत पातळ आणि फिकी. आता लेकीच्या खोलीत काय आहे? माझ्या वडिलांच्या वेळचा काळपट पलंग, नक्षीच्या दारांचं कपाट, आणि फिकट पिवळ्या भिंती. तेव्हा गडद अक्रोडी रंग, जाड कड. हे अंकगणितासारखं सरळ आहे.

ही म्हणते, तिला फिकं लाकूड हवंय, पातळ. "भिंत पांढरी आहे. तिच्यावर गडद काही लावलं तर अंगावर येईल."

भिंत पिवळी आहे. लेकीने स्वतः रंग निवडला होता आणि मी शिडीवर चढून दिला होता. ज्या खोलीत रोज झोपतेस तिच्या भिंतीचा रंग तुला माहीत नाही, असं मी म्हटलं. रागाने नाही म्हटलं, सांगितलं फक्त. ती थोडा वेळ काहीतरी बोलायच्या बेतात होती. मग म्हणाली, "फिकंच बरं," आणि कणिक भिजवायला घेतली.

थकली असेल. चष्म्याच्या दुकानात उभं राहून काम, त्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शाखा उघडलीय ती हिच्याकडे दिलीय. जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येतो. अशा माणसाला पिवळं पांढरं दिसलं तर नवल नाही.

७ नोव्हेंबर

आज दोघं दुकानात गेलो. दोघं मिळून कुठे गेल्याला किती दिवस झाले ते आठवत बसलो आणि उगीच वाईट वाटून घेतलं.

फळ्यांच्या दुकानात एक चुणचुणीत बाई होती. तिने विचारलं, खोली कशी आहे. ही सांगायला लागली आणि मी ऐकतच राहिलो. इतकं सलग बोलताना हिला मी ऐकलंच नव्हतं. खोली लहान आहे. खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. त्या उन्हात फळी असावी, तिच्यावर कप ठेवावा, खाली बसून चहा प्यावा, एवढंच.

मी म्हटलं, खिडकी पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन तिथे कधी येतच नाही.

दुकानातली बाई हिच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. ही हातातली फिकी फळी बोटांनी कुरवाळत होती, जशी गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायच्या आधी चष्म्याची काच पुसते तशी.

मी म्हटलं, तो एवढा काळा पलंग, त्याच्या शेजारी ही फिकी फळी म्हणजे उपऱ्यासारखी दिसेल. ती हळूच म्हणाली, "पलंग नसेल तिथे."

हे मला नवीन होतं. येताना सगळ्या रस्त्याने त्याचाच विचार केला. पलंग नको, म्हणजे ती तिथे झोपायचं बंद करणार. ती खोली वाचायला, चहा प्यायला ठेवणार, आणि झोपायला आमच्या खोलीत परत येणार. सरळ सांगत नाही, बायका असं सरळ सांगत नाहीत. मला इतकं भरून आलं की रस्ता ओलांडताना मी तिचं कोपर धरलं. तिने सोडवून घेतलं नाही. पलीकडे गेल्यावर मीच सोडलं.

लांबी विचारली तेव्हा तिने "पावणेतीन फूट, तीन फळ्या" असं पटकन सांगितलं. पाठ केल्यासारखं. मी दुकानातल्या बाईला म्हटलं, घरी मोजून उद्या फोन करतो.

८ नोव्हेंबर

मोजलं. खिडकीपासून कपाटापर्यंतची भिंत चार फूट. दाराकडची त्याहून मोठी. पावणेतीन फूट या खोलीत कुठेच नाही. मग मी सगळं घर मोजलं. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, न्हाणीघराचा बोळसुद्धा. पावणेतीन फूट आमच्या घरात कुठेच नाही.

टेप धरायला हिला कधी जमलंच नाही. पडद्यांच्या वेळी असंच झालं होतं.

दुकानात फोन केला. चार फूट, अक्रोडी, गोल कड. पलंग काढायचा असला तरी कपाट राहणार आहे, आणि गडद फळी कुठल्याही दिवशी फिक्या फळीपेक्षा घरंदाज दिसते. बाई म्हणाली, "काका, ताईंना फिकी आवडली होती." मी म्हटलं, ताईंना लांबीही पावणेतीन वाटली होती.

हिला काही सांगणार नाही. लावून झाल्यावरच दाखवायचं.

छापखान्यात मला 'काकपद' म्हणायचे. दोन शब्दांच्या मध्ये काही राहून गेलं असलं की खाली जी कावळ्याच्या पायासारखी खूण करतात ती. कुणाचं काय राहिलंय हे मला लांबून दिसायचं. आणखी एक खूण असते, शब्दाखाली टिंबं द्यायची आणि कडेला समासात लिहायचं 'असू दे', म्हणजे दुरुस्ती मागे घेतली, मूळ होतं तेच बरोबर. अक्षरजुळणी करणारे म्हणायचे, ती टिंबं द्यायला काकपदाच्या पेनात शाईच नाही. तेव्हा हसायचो. आज फोन ठेवल्यावर खूप दिवसांनी तसा उमाळा आला, कामाचं काहीतरी केल्याचा.

१२ नोव्हेंबर

वाईट दिवस. सकाळी उठून शर्ट घालायचा की नाही याच्यावरच अर्धा तास गेला. घालून जायचं कुठे? शेवटी घातला आणि खिडकीत बसलो. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवर 'औषधे' मधला ष चुकलाय. वर्षानुवर्षं चुकलाय. आज पहिल्यांदा वाटलं, तो तसाच राहील आणि मी मरून जाईन.

ही रोज उशिरा येते. नव्या शाखेत माल लावायचाय म्हणते. आली की शांत असते, आणि हल्ली एक नवीनच, गुणगुणते. मी खोलीत गेलो की थांबते.

लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आई बोलली का तुमच्याशी?"

मी म्हटलं, हो, बोलली की. फळ्यांबद्दल.

"फळ्यांबद्दल?"

मग मी तिला सगळं सांगितलं. पूर्वेची खिडकी, पांढरी भिंत, पावणेतीन फूट, आईचं कसं सगळंच चुकलं. हसून सांगत होतो. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?" आवाज घोगरा होता. सर्दी झाली असणार, तिला हवा बदलली की होते. आल्याचा काढा घे म्हटलं. 'काढा कर' की 'काढा घे' यावर जरा अडलो, पण तेवढ्यात तिने फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर

फळ्या आल्या आणि दुपारी सुतारही आला. कटकट्या माणूस. सारखा फोनवर कुणाशी तरी भांडत होता आणि मधूनमधून माझ्यावर खेकसत होता. पहिलं भोक पाडताना पिवळ्या रंगाचा हाताएवढा पापुद्रा निघून आला. आत लेकीच्या आधीचा रंग दिसला, निळा. मी कडांना पुट्टी भरून घेतली, पण मधला निळा डाग दिसतोच.

भिंतीत सळ्या बसवतात आणि फळी त्यांच्यावर सरकवतात. सळी आत गेली की काही म्हणजे काही दिसत नाही. नुसती फळी, हवेत. तीन फळ्या, एकाखाली एक, पाणसळ लावून सरळ. सुतार गेल्यावर मी खुर्ची ओढून समोर बसलो. शोभतात. खोलीला जडपणा आला.

मग हिची पुस्तकं पुसून लावली. मधल्या फळीवर तिचा कप ठेवला, निळ्या कडेचा. तो शोधायला जरा वेळ लागला. नेहमीच्या जागी नव्हता. पलंगाखाली एका खोक्यात होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. खोक्यात एक ताटली, एक पातेलं, दोन चमचेही होते. जुनं सामान वेगळं काढत असेल. कप तेवढा मी काढला, धुतला आणि फळीवर ठेवला.

ती यायची आहे. दिवा लावून ठेवलाय. लग्नाआधी पहिल्यांदा भेटायला गेलो होतो तेव्हा अशी वाट पाहिली होती.

१७ नोव्हेंबर

काल रात्री पुन्हा लिहायला बसलो होतो, पण शब्द जुळेनात. आज लिहितो. लिहिल्याशिवाय मला एखादी गोष्ट झाली असं वाटत नाही.

ती आली. मी म्हटलं, जरा खोलीत बघ. दारात उभी राहिली. मी विचारलं, कशा वाटतात. म्हणाली, "केवढ्या मोठ्या आहेत."

मी म्हटलं, चार फूट. तू पावणेतीन म्हणाली होतीस, मी मोजून बघितलं. चुकलं होतं तुझं, मग फोन करून दुरुस्त करून घेतलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. पर्स खांद्यावरच होती.

"चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "ती भिंत इथली नाहीये."

मी विचारलं, मग कुठली?

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, मी आणखी काहीतरी चुकीचं बोललो. म्हणाली, "हेच. एवढंच विचाराल असं वाटत होतं. भिंत कुठली."

नव्या शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली घेतलीय. दुसरा मजला, भिंती पांढऱ्या, खिडकी पूर्वेला. तीस तारखेला जायचंय. लेकीला सगळं ठाऊक आहे. तिसरं कुणी नाही, हे तिने आपणहून सांगितलं. मला ते विचारायचं सुचलंही नव्हतं. तिसरं कुणी असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतंय. निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस.

"सांगितलं होतं. उन्हाळ्यात. तुम्ही शब्द दुरुस्त केलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी विचारलं, मग फळ्यांचं तरी मला कशाला विचारलंस. ती म्हणाली, इतकी वर्षं सगळं तुम्हालाच विचारायची सवय. आणि वाटलं, फळ्यांवरून बोलता बोलता सांगून टाकता येईल. रोज वाटायचं आज सांगीन. रोज तोंड उघडलं की त्यातलं काहीतरी चुकीचं निघायचं.

मग उठली, फळीवरचा कप घेतला, आतल्या बाजूने पाहिला, आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. माझ्यासमोर. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

काही नाही.

१९ नोव्हेंबर

ती कामावर गेल्यावर कोश काढला. का काढला ते माहीत नाही. हात आपोआप जातो.

निराळा. अलग, वेगळा, स्वतंत्र. दुसऱ्या प्रकारचा हा अर्थ त्याच्याही नंतर दिलाय.

दुसरा कोश काढला. त्यातही तेच. तिसऱ्यात वापर दाखवायला वाक्यही दिलंय, 'तो भावांपासून निराळा राहतो.'

तिचा शब्द बरोबर होता. लांबी बरोबर होती, रंग बरोबर होता, ऊनही बरोबर होतं. तिने एक शब्द चुकीचा वापरला नाही आणि मी समास भरून टाकला.

जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर

आज तिच्यापुढे हात जोडले. लिहायला लाज वाटते, पण जोडले. म्हटलं, जाऊ नकोस, मी बोलणार नाही, एक अक्षर दुरुस्त करणार नाही. ती म्हणाली, अहो, तुम्ही नाही बोललात तरी मला ऐकू येतं. मी भाजी चिरते ना, तेव्हासुद्धा मला ऐकू येतं, बारीक चिर, आडवी चिर. तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपलेले असता.

मी गप्प बसलो, आणि गप्प बसल्याचंही तिला ऐकू येत असेल असं वाटून उठून बाहेर गेलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पुढे कुठे जायचं ते कळेना म्हणून परत आलो.

२३ नोव्हेंबर

डोक्यात आलं, याच फळ्या कापून द्याव्यात. चारच्या पावणेतीन सहज होतील. सुताराला फोन केला, हिच्यासाठी हव्यात म्हटलं. तो म्हणाला, कापता येतील, पण कापल्यावर गोल कड एकाच बाजूला राहील. आणि ताईंना हाच रंग हवाय का?

त्याला काही सुगावा नव्हता, सहजच विचारलं त्याने. मी फोन हातात धरून उभा राहिलो. तिच्या पांढऱ्या भिंतीवर मी माझी अक्रोडी फळी लावायला निघालो होतो. तीही अर्धवट कापून.

राहू द्या म्हटलं.

२४ नोव्हेंबर

दुकानात गेलो. तीच बाई होती. म्हटलं, तीन फळ्या, पावणेतीन फूट, पातळ.

"काका, या वेळी मोजून घेतलंत ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिने मोजलंय."

तिने रंग विचारला. मी म्हटलं फिका, ताईंनी हातात धरली होती त्या फळीचाच. ती म्हणाली, पण तुम्हीच म्हणाला होतात की फिकी उपऱ्यासारखी दिसेल. मी म्हटलं, भिंत पांढरी आहे.

कप ठेवायला रुंदी पुरेल ना, एवढंच विचारलं. पुरते म्हणाली. बाहेर आल्यावर दुकानाच्या पायरीवरच बसलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत म्हटलं.

घरी येताना मनात आशा येत होती हेही लिहून ठेवतो. फळ्या बघेल, विरघळेल, राहील. इतकं सगळं होऊनही माणसाचं मन असं निर्लज्ज असतं.

३० नोव्हेंबर

सामान फारसं नाहीच. दोन बॅगा, तीन खोकी. इतकी वर्षं या घरात राहून हिचं म्हणून एवढंच निघालं, हे बघून मला धक्का बसला. तिला नाही बसला.

फळ्या मी पुठ्ठ्यात बांधून दाराशी ठेवल्या होत्या. म्हणाली, हे काय? तिने दोरी सोडली, वरची फळी उचलली, उलटसुलट करून बघितली. मग पर्समधून टेप काढला. तिच्याकडे स्वतःचा टेप आहे हे मला आज कळलं. एका टोकाला अंगठा दाबून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. टेप हातात छान धरते. कुठे वाकत नाही, सुटत नाही.

"पावणेतीन," म्हणाली, आणि खाली बसून रडली. मीही रडलो. दोघं दारात, मध्ये फळ्या. तेवढ्या वेळात मला वाटून गेलं की आता ती दोरी सोडूनच ठेवील.

तिने दोरी पुन्हा बांधली. माझ्यापेक्षा घट्ट.

मी म्हटलं, लावायला येऊ का, सळ्या भिंतीत बसवायच्या म्हणजे जरा... ती म्हणाली, "तिथला एक सुतार बघितलाय."

गाडी खाली येऊन थांबली होती. निघताना थबकली, माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पर्समधून चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डाव्या काडीचा स्क्रू आवळला. काचा पदराने पुसल्या. चष्मा पुन्हा चढवला, कानामागे बोटाने नीट बसवला, आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "आता कसं दिसतंय?"

मी म्हटलं, स्पष्ट.

खोकी मीच खाली नेली. फळ्या तिने कुणाला दिल्या नाहीत. स्वतः काखेत धरून उतरली.

२ डिसेंबर

सकाळी दोन कप काढले. एक परत ठेवला.

लेक म्हणते, बाबा, थोडे दिवस इकडे या. तिच्याकडे एकच खोली आहे. तिथे जाऊन मी तिच्याही भिंती मोजत बसेन. नको म्हटलं.

५ डिसेंबर

दुपारी तिच्या खोलीत बसलो होतो. म्हणजे लेकीच्या. म्हणजे आता कुणाच्याच नाही. तीन अक्रोडी फळ्या, एकाखाली एक, अगदी सरळ, आणि त्यांच्यावर काही नाही. माझी पुस्तकं आणून ठेवावीत असं मनात आलं, पण कोश तिथे मावणार नाहीत, आणि बाकी माझ्याकडे ठेवण्यासारखं काही नाही. भिंतीवरचा निळा डाग तेवढा दिसतो. चार वाजता पश्चिमेचं ऊन आलं, फळ्यांवर न पडता खाली पलंगावर पडलं, आणि गेलं.

तिचा मेसेज आला. फळ्या बरोबर बसल्या, सकाळी ऊन येतं, असं लिहिलंय. मी उत्तर लिहायला घेतलं. काय काय लिहिलं आणि पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. तिला तिथे, उन्हात, एक वाक्य तरी माझ्याशिवाय पूर्ण असू दे असं वाटलं.

मग ही वही उघडली. तीन नोव्हेंबरचं पान काढलं. तिथे तिचं वाक्य आहे, आणि त्याच्यापुढे मी केलेली दुरुस्ती. ती दुरुस्ती खोडली. वाक्याखाली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, टिंबं दिली. टिंबं सरळ आली नाहीत. वाक्य असं आहे:

मला निराळं राहायचंय.

समासात लिहिलं, असू दे.